गावचा फाटा मागे पडू नये म्हणून

अमरावती, २० डिसेंबर

प्रिय वहिनी,

तू वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तरी लग्नाच्या दिवसापासून मी तुला वहिनीच म्हणत आले. काल रात्री साडेदहाला तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. "ताई, डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सेवा करा. आता करण्यासारखं काही राहिलं नाही," एवढं एका दमात बोललीस आणि गप्प झालीस. मागे भाऊ कण्हत होता. मी काहीबाही धीर देऊन फोन ठेवला आणि पहाटेपर्यंत जागी राहिले. फोनवर जे सुचलं नाही ते आता लिहिते आहे. सकाळी तुला विचारलं, छापायला दिलं तर चालेल का? तू म्हणालीस, "द्या ताई. अकोल्यात माझ्यासारख्या किती जणी असतील." म्हणून हे पत्र तुझं, आणि त्यांचंही.

आधी एक कबुली. तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. काल तू जे वाक्य ऐकलंस ते मी स्वतः कितीतरी बायकांना सांगितलं आहे, हातात केसपेपर देता देता. मनात वाईट काही नव्हतं. खाटा भरलेल्या असायच्या, खाली गाद्या टाकलेल्या असायच्या, आणि आम्हाला शिकवलं होतं ते माणसं बरी करायला. जो बरा होणार नाही त्याच्यापाशी बसून काय बोलायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. भाऊचं लिव्हर पूर्ववत करण्यासारखं आता काही नसेल. भाऊसाठी करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. हा फरक मला आपल्या बाबांमुळे कळला, आणि फार उशिरा कळला.

बाबांचं शेवटचं दुखणं तुला आठवतं. माळकरी माणूस, उभ्या जन्मात दारूला शिवला नाही. तरी लिव्हर गेलं म्हटल्याबरोबर गावात कुजबुज झालीच. खरं कारण होतं हेपॅटायटिस सी. ऐंशीच्या दशकात ऑपरेशनच्या वेळी त्यांना रक्त चढवलं होतं. हा विषाणू ओळखला गेला तोच १९८९मध्ये. त्याआधी रक्तात तो आहे की नाही हे तपासणार कोण? तीस वर्षं तो मुकाट्यानं लिव्हर पोखरत राहिला.

२०१७च्या नोव्हेंबरात बाबा गुंगीत जायला लागले आणि आपण त्यांना अकोल्याहून नागपूरला न्यायला निघालो. ॲम्ब्युलन्स मूर्तिजापूरच्या पुढे आली, आपल्या गावचा फाटा आला. बाबांनी डोळे उघडले. त्यांना काय दिसलं कोण जाणे, फाट्यावरचा कडूनिंब की चहाच्या टपरीचा पत्रा. म्हणाले, "मले घरी नेता का नाई?" मी म्हटलं, "नेऊ ना बाबा. थोडं बरं वाटू द्या, मग नेऊ." गाडी थांबली नाही. बडनेरा गेलं, नांदगाव पेठ गेलं. मोझरी यायच्या आधी बाबा गेले. माझ्या एका हातात सलाइनची बाटली होती आणि दुसऱ्या हातानं मी वरची दांडी धरली होती. त्यांचा हात धरायला माझा हात मोकळा नव्हता.

आज गाडगेबाबांची पुण्यतिथी. तेही रस्त्यातच गेले, २० डिसेंबर १९५६ला, वलगावजवळ पेढी नदीपाशी, गाडीत. पण गाडगेबाबांनी जन्मभर रस्त्यालाच घर मानलं होतं. आपल्या बाबांचं घर त्या फाट्यापासून दोन कोसांवर होतं, आणि त्यांना तिथे जायचं होतं. एवढं साधं मागणं मला, नर्स असून, ऐकू आलं नाही.

त्यानंतर मी पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलं. मराठीत कुणी परिहार सेवा म्हणतं, कुणी उपशामक उपचार. नाव कुठलंही घे. रोग हटत नसला तरी रोग्याचा त्रास हटवायचा, आणि रोग्याबरोबर घरच्यांनाही सांभाळायचं, एवढा त्याचा अर्थ. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स या बाईंनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या, मग वैद्यकी शिकून डॉक्टर झाल्या. दुखणं एकट्या शरीराचं नसतं, असं त्यांचं सांगणं होतं. त्यात मनाची भीती असते, घरातले ताण असतात, पैशाची विवंचना असते, देवाशी मांडलेलं भांडणही असतं. मुंबईत वांद्र्याला १९८६मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं. १९९३मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं आणि पुढे केरळात गल्लीतली साधी माणसं शिकून शेजारच्या रोग्याच्या घरी जाऊ लागली. तरीही जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि त्यांतल्या १४ टक्क्यांनाच ती मिळते. त्यातही लिव्हरचा रोगी मागे राहतो. कॅन्सरचा रोगी खालावत जाताना घरच्यांना दिसतो. लिव्हरचं तसं नाही. आज गुंगीत असतो, आठ दिवसांनी उठून बसतो, पेपर वाचतो, चहा मागतो. दर खेपेला वाटतं, याही वेळी निघेल. आणि एका खेपेला निघत नाही. तोवर कुणी काही विचारलेलं नसतं, काही ठरवलेलं नसतं.

ही सेवा घेतली म्हणजे आशा सोडली, असं समजू नकोस. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असलेल्यालाही ती बरोबरीनं द्यावी, असं आता लिव्हरचे तज्ज्ञच सांगतात. नागपूरची चौकशी आपण केली. भाऊचं हृदय ते ऑपरेशन सोसणार नाही असं कळलं. म्हणून त्याला त्रासातून सोडवणं कशाला थांबवायचं? गाडगेबाबांची दशसूत्री आठव. रोग्याला औषधोपचार हे त्यात एक सूत्र आहे आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत देणं हे वेगळं सूत्र आहे. दवाखाना पहिल्यापाशी थांबतो. आपल्याला दोन्ही करायची आहेत.

आता कामाचं सांगते.

एक शंभरपानी वही घे. रोज सकाळी चहाच्या वेळी भाऊला तारीख घालून सही करायला सांग. बाबांची अशी वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर शेताच्या कागदांवर करायचे तशी ठसठशीत सही. बाराव्या दिवशी आडनाव ओळीखाली उतरलेलं. पंधराव्या दिवशी नुसत्या रेघा. मी तेव्हा ते थकव्यावर घातलं. खरं म्हणजे लिव्हर जे विष गाळतं ते गाळलं जात नव्हतं आणि मेंदूवर चढत होतं. सही बिघडली, दिवसा झोप आणि रात्री जाग असं उलटं झालं, हात समोर धरून तळवे उभे करायला सांगितल्यावर पंजे फडफडले, की समज, गुंगी येऊ घातली आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

यावर लॅक्ट्युलोजचं गोड औषध आहे. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच व्हावं इतपत ते द्यायचं. "जुलाब लागले" म्हणून ते बंद करणारी घरं मी खूप पाहिली, आणि चार दिवसांनी तेच रोगी बेशुद्ध होऊन आलेले पाहिले. पाण्यासारखं व्हायला लागलं तर प्रमाण कमी कर, पण विचारून. झोपेच्या गोळ्या मनानं देऊ नकोस. आणि मागच्या आठवड्यात त्यानं तुला चोर म्हटलं, ताट भिरकावलं, ते मनातून काढून टाक. ते त्या विषाचं बोलणं होतं.

पोट फुगून श्वास कोंडला तर सुईनं पाणी काढता येतं. पाच लिटरच्या वर काढलं तर सोबत अल्ब्युमिन द्यावं लागतं, ते आधी विचारून ठेव. पाणी पुन्हा भरतं म्हणून काढण्यात अर्थ नाही, असं लोक म्हणतील. ज्याला दोन आठवडे नीट निजता आलं त्याला विचारा, अर्थ आहे की नाही. मीठ दिवसाला सगळं मिळून चहाचा सपाट एक चमचा. लोणचं, पापड, ठेचा हे सगळं त्यातच मोजायचं, आणि सैंधवही मीठच आहे. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ तर आणूच नकोस; लघवीच्या गोळ्यांबरोबर त्यातलं पोटॅशियम बाधू शकतं.

पण त्याला उपाशी ठेवू नकोस. कावीळ दिसली की आपल्याकडे तेल बंद, हळद बंद, वरण बंद आणि उसाचा रस सुरू. वर कुणी कावीळ उतरवायला घेऊन जातं. या माणसांचे दंड काडीसारखे होतात ते रोगानं आणि उपासमारीनं मिळून. मुगाचं घट्ट वरण, ताक, दही, खात असेल तर अंडं, थोडं थोडं पाच-सहा वेळा दे. रात्री झोपताना वाटीभर काहीतरी दे, कारण या लिव्हरला रात्रभराची भूकही सोसत नाही.

अंग दुखतं म्हणून गावातलं दुखण्याचं इंजेक्शन घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी किडनी बसते आणि रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटॅमॉल चालतं, पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांना विचारून. दुखणं त्याहून वाढलं तर मॉर्फिन आहे. त्याच्या नावानं दचकू नकोस. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्यानं अफू पिकते, जिच्यापासून हे मॉर्फिन बनतं, आणि इथे रोगी वेदनेनं तळमळत असतो, कारण १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं डॉक्टर आणि औषधवाले दोघेही धास्तावले होते. २०१४मध्ये तो कायदा सैल केला. लिव्हरच्या रोग्याला अगदी थोडी मात्रा, लांब अंतरानं आणि पोट साफ राहील याची काळजी घेऊन द्यावी लागते, म्हणून ती जाणकारानंच ठरवायची. अंगाला खाज सुटते तिच्यासाठीही औषध आहे. शिवाय नखं काप, सुती कपडे घाल, ओल्या फडक्यानं अंग पूस.

आणि एक अवघड गोष्ट. गडद रंगाचे चार टॉवेल घेऊन ठेव, मरून किंवा तपकिरी. रक्ताची उलटी झाली तर पांढऱ्या चादरीवर ते रक्त फार दिसतं. भाऊ घाबरेल, तू घाबरशील, पोरं जन्मभर ते विसरणार नाहीत. कुशीवर वळव, पाठीवर हात ठेव. तेव्हा १०८ला फोन करायचा की घरीच जवळ बसायचं, हे त्या घाईत ठरवता येत नाही. आधी ठरवून ठेवायचं.

हे कोण ठरवणार? भाऊ. आणि इथेच लिव्हरच्या दुखण्याची खरी निकड आहे. कॅन्सरचा रोगी पुष्कळदा शेवटपर्यंत बोलू शकतो. भाऊची समज मात्र ये-जा करते आहे. ज्या सकाळी सही सरळ आली, त्या सकाळी त्याच्यापाशी बस. विचार, कशाची भीती वाटते? पुन्हा आयसीयूत जायचं का? नळ्या, मशीन हवं का? शेवटचे दिवस कुठे काढायचे? कुणाला भेटायचं राहिलं आहे? असं विचारलं तर तो खचेल, असं तुला वाटतं. माझा अनुभव असा, की आपल्या मनात काय आहे ते रोग्याला माहीत असतं. आपण विचारत नाही म्हणून तो एकटा पडतो. कागदावर लिहून ठेवायचं असेल तर तीही सोय आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८च्या निकालात अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते.

काल फोन ठेवता ठेवता तू हळूच म्हणालीस, "त्यायनंच तं ओढवून घेतलं, ताई. मी काहून मरू?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं, वहिनी. वीस वर्षं सरकीच्या पोत्यांमागे लपवलेल्या बाटल्या तू उचलल्यास. सोयाबीनचे पैसे घरी यायच्या आत संपलेले पाहिलेस. दोन वर्षांपूर्वी त्यानं दारू सोडली, तेव्हा लिव्हर हातचं गेलं होतं. तुझा राग खरा आहे, त्याची लाज बाळगू नकोस. राग असूनही माणूस कूस बदलून देतो, पाणी पाजतो; मी हे शेकडो घरांत पाहिलं आहे. मात्र शेजारपाजारचे लोक "केलं तसं भोगतो" म्हणतील, त्यांच्या तोंडी लागू नकोस. बाबांनी काहीच केलं नव्हतं आणि भोगलं तेच. चूक कुणाची, हे विचारून सेवा करायची नसते, हे आपल्या अमरावतीला कुणी सांगायला नको. कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीचं पाप, असं सगळे म्हणत होते त्या काळात, १९४६मध्ये, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं. आत येणाऱ्याचा रोग पाहिला, त्याचं पाप मोजलं नाही.

आणि तू एकटीनं हे ओढायचं नाही. सोमवारी केसपेपर घेऊन सर्वोपचार रुग्णालयात जा आणि पॅलिएटिव्ह केअरची सोय कुठे होते ते नाव घेऊन विचार. मागितल्याशिवाय ती पुढे येत नाही. गावच्या आरोग्य उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. त्यांना नेमून दिलेल्या सेवांच्या यादीत ही सेवाही आहे. आशाताईला सांगून ठेव. रात्रीची पाळी धाकट्याला लाव. त्याला भीती वाटत असेल, पण बापाची सेवा केल्याचं समाधान त्याच्यापाशी राहू दे. माझ्यापाशी ते नाही. पऱ्हाटीचा वेचा चार दिवस थांबला तरी चालेल. दिवसातून एक तास तू झोप, आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस.

एक दिवस असा येईल की तो अळणी वरणाला हात लावणार नाही आणि सोल्याची भाजी मागेल. आत्ता तुरीच्या शेंगा भरल्याच आहेत. तेव्हा डॉक्टरांशी बोल, आणि ते हो म्हणाले तर मीठ घालून दे. कुठला नियम कधीपर्यंत पाळायचा, हे समजणं हाही या सेवेचाच भाग आहे. बाबांनी शेवटच्या आठवड्यात कैरीच्या लोणच्याची फोड मागितली होती. मी दिली नाही. कोणतं लिव्हर वाचवत होते मी?

बाबांना ज्या रस्त्यानं नेलं त्याचं काम आता झालं आहे. २०२२च्या जूनमध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका मार्गिकेच्या हिशेबानं ७५ किलोमीटर रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला, गिनेस बुकात नाव गेलं. गाडी आता भरधाव जाते. पण भरधाव कुठे न्यायचं आहे, हे या खेपेला आधी भाऊला विचारू.

मी शनिवारी सकाळच्या बसनं निघते. टॉवेल मी आणते, बाबांची वहीही आणते; भाऊला दाखवायची की नाही ते तू ठरव. शुक्रवारपर्यंत एखाद्या सरळ सहीच्या सकाळी त्याला एवढंच विचार, अकोल्याच्या घरात राहायचं की गावच्या ओसरीवर? तो गाव म्हणाला तर मला लगेच फोन कर. मी आधी फाट्यावर उतरेन, घराचं कुलूप काढेन आणि ओसरी झाडून, सारवून ठेवेन.

तुझी,
ताई